पत्ता : ५६ ए.पी.ओ.

हिंदी फौजेबरोबर टपालकचेरी पहिल्यांदा समुद्रापार गेली ती १८५६ साली, इराणमधल्या बुशहरच्या मोहिमेत. पण दूरच्या रणांगणावरून येणाऱ्या पत्राची ओढ गावोगावच्या घरांना लागली ती पहिल्या महायुद्धात. फ्रान्सच्या खंदकांतून शिपाई लिहीत. ज्याला अक्षर येत नसे तो सोबत्याकडून लिहून घेई. वाटेत सेन्सॉरचे अधिकारी पत्रे उघडून वाचत. त्यांना चुकवण्यासाठी शिपायांनी खुणेची भाषा काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असे वाचले की घरच्यांनी काय ते ओळखायचे. सेन्सॉरने काढलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तेही इंग्रजी भाषांतरात. मूळ कागद बहुतेक गेले.

१९१४ च्या नाताळाची भेट म्हणून राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या देण्यात आल्या. गोऱ्यांना त्यात तंबाखू आणि सिगारेटी मिळाल्या. हिंदी शिपायांसाठी मुद्दाम खडीसाखर आणि मसाल्याची डबी होती. साम्राज्याने त्या माणसांना कसे वापरले हे विसरता येत नाही. तरीही मसाल्याची ती डबी मला मोलाची वाटते, कारण ती पाठवताना कुणीतरी खाणाऱ्याच्या जिभेचा विचार केला होता.

आजच्या इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकलेल्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत तिथे कोंडल्या गेल्या. अखेरीस विमानांतून अन्नाची पोती टाकली, ती पुरी पडली नाहीत. मग शरणागती आणि कैद. कोकणात आणि देशावर त्या दिवसांत किती आयाबायका पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या असतील!

स्वातंत्र्यानंतर पत्त्याची ओळ ठरून गेली. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ ए.पी.ओ. किंवा ९९ ए.पी.ओ. ए.पी.ओ. म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस; पहिले दिल्लीतले, दुसरे कोलकात्यातले. मुलगा लडाखला आहे की राजस्थानात, हे त्यावरून घराला कळत नसे, आणि कळू नये हाच हेतू होता. लष्करी टपाल सेवेला १ मार्च १९७२ रोजी स्वतंत्र दलाचा दर्जा मिळाला. तिचे प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे.

१९६२ च्या हिवाळ्यात पुरेशा गरम कपड्यांविना जवान हिमालयात लढले, आणि देशभर बायकांनी त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतले. दिवाळीत फराळ निघू लागला. पार्सल मांजरपाटात शिवायचे, टाक्यांवर लाख लावायची, पत्ता शाईने मोठ्या अक्षरात घालायचा. करंज्यांचा वाटेत चुरा होई. टिकत त्या शंकरपाळ्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. काय टिकते हे अनुभवी आयांना बरोबर माहीत असे.

पण सगळ्यात जास्त वाचले जाई ते अंतर्देशीय. ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ झाले की खरे पत्र सुरू होई. म्हैस व्याली, विहिरीला पाणी किती, धाकटीचे नाव शाळेत घातले, भावकीतला बांधाचा तंटा मिटला. वाईट बातमी बहुधा दडवलेली असे, आणि जवानही ती ओळींमधून हुडकत असे. उलट दिशेने मनीऑर्डर येई. तिच्या खालच्या चिंचोळ्या कुपनावर जेमतेम दोन-तीन ओळी मावत. बायको निरक्षर असली तर त्या पोस्टमन वाचून दाखवी. नवरा-बायकोतले बोलणे तिसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिची काय घालमेल होत असेल!

१९९९ मध्ये कारगिलच्या वेळी शाळाशाळांतून ‘प्रिय जवान’ अशी पत्रे गेली. ती जायलाच हवी होती. मात्र त्यातल्या ‘आपण देशाचे रक्षण करता’ या फळ्यावरून उतरवून घेतलेल्या ओळीपेक्षा, आमच्या गावात यंदा पाऊस उशिरा आला असे लिहिणारे पोर जवानाच्या अधिक जवळ जाते, असे मला वाटते. आता राख्या आणि फराळ पाठवणाऱ्या शाळांनी मुलांना मजकूर सांगू नये. त्यांचे त्यांना लिहू द्यावे, चुकांसकट.

आता मोबाइलवर तोंड दिसते, आवाज ऐकू येतो. ते सुख कोणी नाकारू नये. पण ते बोलणे मागे उरत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे देणाऱ्या गावांत जुन्या पत्र्याच्या ट्रंकांमधून अंतर्देशीये आणि कुपने अजून असतील. वाळवीच्या आधी आपण तिथे पोहोचायला हवे. घरच्यांची परवानगी घेऊन ती पत्रे उतरवून घ्यावीत, आणि ज्यांनी ती लिहिली किंवा वाचून दाखवली, त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना आधी बोलते करावे.