हक्काच्या चौकटी, भाग ९ : गाणे एक, तुकडे अनेक

मागच्या आठवड्यात कॉपीराइट पाहिला, आता पेटंट. ‘टिकटॉकने ट्रिलरची कल्पना चोरली’ हे वाक्य ऐकायला सोपे असले तरी पेटंट कायद्यापुढे त्याला फारसा अर्थ नाही. गाण्यावर छोटा व्हिडिओ करण्याची कल्पना कुणा एकाची नव्हतीच. म्युझिकली हे ॲप २०१४ पासून तेच करत होते, आणि टिकटॉकची मालक कंपनी बाइटडान्सने ते विकत घेऊन २०१८ मध्ये टिकटॉकमध्ये विलीन केले. ट्रिलर या प्रतिस्पर्धी ॲपच्या हाती होते २०१७ साली मिळालेले अमेरिकी पेटंट, क्रमांक ९,६९१,४२९. ध्वनिमुद्रणाशी जुळवून म्युझिक व्हिडिओ तयार करण्याच्या पद्धतीवरचे ते पेटंट. जुलै २०२० मध्ये टेक्सासमधल्या वेको येथील न्यायालयात ट्रिलरने तक्रार केली, की एकाच गाण्यावर अनेक तुकडे जोडण्याची टिकटॉकमधली सोय या पेटंटचे उल्लंघन करते.

म्हणजे भांडण ॲपचे नव्हते, ॲपमधल्या एका सोयीचे होते. पेटंटच्या शेवटी क्रमवार कलमे असतात आणि हक्क त्यांच्या शब्दांपुरताच असतो. पद्धतीतली एखादी पायरी, किंवा तिच्या तोडीचे काहीच, समोरच्याकडे नसेल तर उल्लंघन सिद्ध होत नाही. शिवाय २०१४ च्या ॲलिस निकालानंतर, अमूर्त कल्पना संगणकावर चढवली एवढ्यावर पेटंट टिकत नाही. टिकटॉकची खरी ताकद मात्र कुणाला काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या शिफारस-यंत्रणेत होती. तिला या पेटंटचा स्पर्शही नव्हता. २०२० मध्येच इन्स्टाग्रामने रील्स आणि यूट्यूबने शॉर्ट्स आणले; टिकटॉकचा साचा उचलायला त्यांना कुणाचे पेटंट आडवे आले नाही.

मग खटला भरायचाच कशाला? छोट्या कंपनीने बलाढ्य स्पर्धकापुढे दुसरे करायचे तरी काय, असे यावर विचारले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण वेळ पाहावी. भारताने २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी घातली होती, अमेरिकेतही बंदीची भाषा सुरू होती. शत्रू चहूबाजूंनी घेरलेला असताना टाकलेला हा वार होता. जागाही विचारपूर्वक निवडलेली. वेकोचे तेव्हाचे न्यायाधीश ॲलन ऑलब्राइट हे पूर्वाश्रमीचे पेटंट वकील, आणि असे खटले आपल्याकडे यावेत म्हणून उघडपणे उत्सुक होते. तिथे इतकी गर्दी झाली की २०२२ मध्ये वेकोचे पेटंट खटले बारा न्यायाधीशांत वाटून देण्याचा आदेश निघाला. टिकटॉकनेही उल्लंघन झालेले नाही असे जाहीर करून घेण्यासाठी कॅलिफोर्नियाचे न्यायालय गाठले. ट्रिलर जिंकले तरी २००६ च्या ईबे निकालामुळे मनाई हुकूम आपोआप मिळत नाही, आणि भरपाई त्या सोयीच्या मोलाइतकीच. तेव्हा असा खटला वाटाघाटीच्या टेबलावर जितका उपयोगी, तितका बाजार परत मिळवायला नाही.

भारतात तर पहिली अडचण पेटंट मिळण्याचीच: पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक-प्रोग्राम हा शोध मानला जात नाही.