शिंगांचा बेडूक आणि पाळणाऱ्याचा संयम

जून महिन्यांतील पहिली मोठी सर कोसळली, कीं नंदुरबार जिल्ह्यांतील तापीकांठच्या काळ्या जमिनीवर एका रात्रींत जीवनाचा कोलाहल सुरू होतो. महिनाभरापूर्वीं जेथें पारा चाळीस अंशांच्या वर चढत होता व शेतांना भेगा पडल्या होत्या, तेथेंच डबक्यांतून भारतीय बुलफ्रॉग या नांवानें ओळखला जाणारा मोठा बेडूक ओरडूं लागतो. विणीच्या दिवसांत त्याचा नर पिवळाधमक होतो आणि ओरडतांना त्याच्या गळ्याशीं दोन निळ्या पिशव्या फुगतात. इतके दिवस हा प्राणी होता कोठें? तो जमिनीखालींच होता. अन्नपाण्यावांचून, जवळजवळ निश्चल राहून, तो पावसाची वाट पाहत होता.

अगदीं याच रीतीनें जगणारा एक बेडूक पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, दक्षिण अमेरिकेंत आढळतो. आर्जेंटिना, पराग्वे, बोलिव्हिया या देशांतील ग्रान चाको नांवाच्या उष्ण प्रदेशांतही दीर्घ कोरडा ऋतु आणि थोडक्या दिवसांचा पाऊस असाच क्रम असतो. तेथील शिंगांचा बेडूक परदेशांत पुष्कळ घरांतून हौसेनें पाळला जातो. त्याचीं शिंगें हीं खरीं शिंगें नसून वरच्या पापणीचे टोंकदार झालेले मांसल भाग होत. १९८० सालीं निघालेल्या एका जपानी खेळांतील सदैव तोंड वासलेल्या गोळ्यावरून त्याला ‘पॅकमन’ असें टोपणनांव पडलें. तें नांव त्याला शोभतेंही, कारण डोकें व तोंड यांनींच त्याच्या देहाचा बराच भाग व्यापलेला असतो.

हा बेडूक भक्ष्याच्या मागें धांवत नाहीं. ओल्या मातींत अर्धवट पुरून घेऊन तो तासन्‌तास बसतो. समोरून कांहीं हललें, कीं जीभ फेंकतो. ही जीभ स्वतःच्या वजनाहूनही अधिक ओढ सहन करते, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळून आलें. कोरडा काळ आला म्हणजे तो बिळांत शिरतो, आणि कातडीचे थर गळून न पडतां एकावर एक सांचून त्यांचें वेष्टन तयार होतें. त्यामुळें देहांतील ओलावा टिकतो. पाऊस पडतांच तो तें वेष्टन फाडून बाहेर येतो.

या निश्चलतेमुळेंच पाळणाऱ्याची फसगत होते. जो हालचाल करीत नाहीं त्याला कांहीं लागतही नसेल, अशी समजूत होते. परंतु बेडकाची त्वचा हेंच त्याचें पाणी पिण्याचें साधन असल्यामुळें, ज्या मातींत व पाण्यांत तो बसतो त्यांतील प्रत्येक द्रव्य त्याच्या देहांत शिरतें. नळाचें क्लोरिनयुक्त पाणी तसेंच वापरूं नये. विष्ठेमुळें पाण्यांत व मातींत अमोनिया वाढतो. म्हणून पाणी रोज व माती वेळोवेळीं बदलावी. नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा अंथरावा. खडे घालूं नयेत, कारण भक्ष्याबरोबर ते गिळले जातात. उष्णता सुमारें २४ ते २८ अंश सेंटिग्रेड असावी. नंदुरबारच्या वैशाखांत कांचेची पेटी खिडकींत ठेवली, तर ती कांहीं वेळांतच भट्टी होईल. दोन बेडूक मात्र एकत्र कधींही ठेवूं नयेत, कारण एक दुसऱ्याला गिळण्याचा प्रयत्न करतो.

खाण्याच्या बाबतींत तर प्रेमच वैरी ठरतें. बेडूक समोर येईल तें खातो, त्यामुळें पाळणाऱ्याला त्याला पुनःपुन्हा भरवावेसें वाटतें. पूर्ण वाढ झालेल्या बेडकाला आठवड्यांतून एखादे वेळीं गांडुळें व किडे पुरेसे होतात. उंदरासारखें स्निग्ध अन्न वारंवार दिल्यास तो लठ्ठ होऊन आजारी पडतो. नीट निगा राखल्यास तो दहा वर्षांहून अधिक जगूं शकतो. तेव्हां मुलाच्या हट्टासाठीं आणलेला बेडूक तें मूल कॉलेजांत जाईपर्यंत घरांत राहील, याचा विचार आधींच व्हावयास हवा.

विदेशी बेडकाऐवजीं शेतांतलाच बेडूक धरून आणावा, असें कोणास सुचेल. पण तें योग्य नाहीं व कायदेशीरही नाहीं. भारतीय बुलफ्रॉगला वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्याच्या पायांची परदेशीं मोठी निर्यात होत असे. ती १९८७ सालीं बंद करण्यांत आली. शेतांतील कीटक खाणारा हा प्राणी शेतकऱ्याचा मित्र आहे.

याउलट, पाळलेल्या बेडकाचा कंटाळा आला म्हणून त्याला नाल्यांत सोडून देणें हाही दयेचा मार्ग नव्हे. आपल्या मुलखांत उपकारक असलेला हाच भारतीय बुलफ्रॉग माणसाच्या हातून अंदमानांत पोहोंचला, आणि तेथील लहान बेडकांना व त्यांच्या पिलांना धोका ठरला. शिवाय बेडकांच्या त्वचेला जडणारा घातक बुरशीचा रोग प्राण्यांच्या व्यापाराबरोबर देशोदेशीं पसरला आहे. एका घराच्या कंटाळ्याची किंमत साऱ्या ओढ्यानें कां मोजावी?

म्हणून बेडूक पाळण्याची हौस असेल, तर प्रथम थर्मामीटर, स्वच्छ पाणी आणि दहा वर्षांचें धैर्य यांची तरतूद करावी. ती नसेल, तर पहिल्या पावसाच्या रात्रीं कंदील घेऊन मुलांसह बांधावर जावें, दुरूनच पाहावें, ऐकावें, आणि रिकाम्या हातांनीं परतावें.