मोलेसर शास्त्रींचा कोश आणि अंबडची बोली

मराठवाड्यातल्या अंबडच्या बाजारात दोन शेतकरी बोलत उभे असले की गुदस्ताच्या पावसाची आणि औंदाच्या पेऱ्याची गोष्ट निघते. मग तिफण, वखर, कडबा असे शब्द येतात. गुदस्ता फारसीतून आलेला, तिफण शिवारातलीच. शाळेच्या पुस्तकात हे शब्द क्वचितच भेटतात, पण जेम्स थॉमस मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात ते मानाने बसले आहेत. बोलणाऱ्याच्या तोंडी असणे एवढा एकच दाखला त्याने शब्दाकडे मागितला. मराठीवर त्याचे सर्वांत मोठे ऋण हेच, असे मला वाटते.

मोल्सवर्थचा जन्म १७९५ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत तो कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला आणि सोलापूरच्या छावणीत असताना मराठी शब्द टिपू लागला. पुढे मुंबई सरकारने हे काम अंगावर घेतले. मुंबईत शास्त्रीपंडितांची मंडळी बसली आणि थॉमस व जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ मदतीला आले. १८३१ साली कोश निघाला तेव्हा त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. प्रकृती ढासळल्याने मोल्सवर्थ १८३६ मध्ये मायदेशी गेला. सरकारने पुन्हा बोलावले म्हणून १८५१ मध्ये परतला आणि महाबळेश्वरी बसून त्याने दुसरी आवृत्ती सिद्ध केली. ती १८५७ ची, सुमारे ६० हजार शब्दांची. लोक त्याला मोलेसर शास्त्री म्हणत.

या कोशाचे वेगळेपण इंग्रजी कोशांशेजारी ठेवले की कळते. इंग्रजीत रॉबर्ट कॉड्रे या शाळामास्तराने १६०४ साली पहिला एकभाषी कोश काढला, तो अडीच हजारांच्या आसपास अवघड शब्दांचा. सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश अफाट, पण त्याचा आधार नामवंत लेखकांची पुस्तके. मोल्सवर्थला हा रस्ता मोकळा नव्हता. मराठीत छापील गद्य तेव्हा जेमतेम सुरू झाले होते. म्हणून त्याला माणसांकडेच जावे लागले, आणि ही अडचण भाषेच्या पथ्यावर पडली. शेत, स्वयंपाकघर, कचेरी, भांडण, शिवी, म्हण, सगळे आत आले.

आत घेताना त्याने विवेक मात्र सोडला नाही. शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी, याची खूण त्याने शेजारी केली. कोकणातला शब्द असेल तर तसे सांगितले, हलका समजला जाणारा असेल तर तेही सांगितले. शब्द गाळण्यापेक्षा त्याचे कुळ आणि वावर नोंदवणे त्याला महत्त्वाचे वाटले. शिवरायांच्या आज्ञेवरून झालेल्या राज्यव्यवहारकोशाचे काम वेगळे होते. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणे ही त्या राज्याची गरज होती. मोल्सवर्थ राज्य घडवत नव्हता, बोलणे नोंदवत होता.

अंबडकरांना हा फरक लवकर उमगावा. हा तालुका १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू. मत्स्योदरी देवीच्या डोंगराखालचा कुणबी मात्र मराठीच बोलत राहिला, आणि रकबा, पटवारी, गिरदावर हे शब्द त्याने मराठीतच मुरवले. शुद्धीच्या चाळणीने पाहिले तर हे बोलणे भेसळीचे ठरेल. मोल्सवर्थच्या पद्धतीने पाहिले तर त्यात गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचता येतो.

या कोशाचे श्रेय वाटताना अन्याय झाला आहे. मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि कँडी बंधू आहेत, शास्त्री नाहीत. मुंबईच्या त्याच शास्त्रीमंडळीतल्या जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले यांची नावे १८२९ च्या ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ या मराठी–मराठी कोशाशी जोडलेली आहेत. मोल्सवर्थचे नाव घेताना या मंडळींचे नाव घेणे हे कर्तव्य मानले पाहिजे.

पुढच्या काळात दोन प्रवाह झाले. थॉमस कँडीने पाठ्यपुस्तकांतून मराठीला नियमांत बसवले, विरामचिन्हे रुळवली. त्याने सोय झाली, पण प्रमाण मराठी आणि गावची मराठी यांतले अंतरही वाढले. दुसरा प्रवाह कोशांचा. बाबा पदमनजींनी मोल्सवर्थचा संक्षेप केला. दाते–कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले, त्यांनाही मोल्सवर्थ ओलांडून पुढे जाता आले नसते. १९७५ साली पुण्यात त्याचा कोश पुन्हा छापला गेला आणि आज तो मोबाइलवरही उघडतो.

तरी मोल्सवर्थच्या कोशात अंबडचे सगळे बोलणे नाही. तो तयार झाला कंपनीच्या मुलखात, मुंबईच्या खोल्यांत आणि महाबळेश्वरी. शिवाय त्याच्यानंतर या भागात मोसंबीच्या बागा आल्या आणि त्यांच्याबरोबर बोलण्याची एक नवी पेठ उभी राहिली: आंबे बहार, मृग बहार, बाग ताणावर सोडणे, डिंक्या, कोळशी. हे शब्द बागाईतदारांच्या तोंडी पिकलेले आहेत. ते टिपण्यासाठी तालुक्यातल्या मराठीच्या शिक्षकांनी मुलांना वही देऊन शहागड, गोंदीपासून वरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पाठवावे. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या गावचा, कोणत्या कामाचा, म्हातारे बोलतात की तरुणही, आणि ऐकलेले एक पूर्ण वाक्य, एवढे लिहून घ्यावे. पुण्यामुंबईच्या मंडळाची वाट पाहू नये. ज्यांनी वखर हाकलाय अशी माणसे अजून पारावर बसलेली आहेत तोवर हे काम सुरू व्हावे.