पुरवठा करार, अर्धसंवाहक उद्योगातील

अर्धसंवाहक चिप तयार करणारा कारखाना व त्याच्याकडून माल घेणारी कंपनी यांच्यात अनेक वर्षांच्या मुदतीने होणारा खरेदी-विक्रीचा करार. कारखान्याची उत्पादनक्षमता वापराविना पडून राहण्याचा धोका उभयतांत वाटून घेणे, हा त्याचा एक प्रमुख हेतू होय.

चिपच्या आधुनिक कारखान्यातील धूलिमुक्त कक्ष व यंत्रसामग्री यांवर अब्जावधी डॉलर गुंतवावे लागतात. माल निघो वा न निघो, यंत्रांचा घसारा चालूच राहतो. त्यामुळे उत्पादन घटताच प्रत्येक सिलिकॉन चकतीवर पडणारा स्थिर खर्च वाढतो. नवा कारखाना उभारण्यास काही वर्षे लागतात. मागणी मात्र त्याहून लवकर बदलते. परिणामी टंचाई व मंदी यांची आवर्तने या उद्योगात वारंवार येतात.

करारात सामान्यतः किमान खरेदीचे प्रमाण, किंमत व मुदत ठरविलेली असते. ग्राहकाने कमी माल उचलल्यास त्याला भरपाई द्यावी लागते. क्षमता राखून ठेवण्यासाठी काही वेळा आगाऊ अनामतही घेतात. २०२१ मधील टंचाईच्या काळात तैवानच्या युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने ताइनान येथील विस्तारासाठी ग्राहकांकडून अशी अनामत घेण्याची योजना जाहीर केली.

अमेरिकेच्या अॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस (एएमडी) या कंपनीचे उदाहरण बोधप्रद आहे. २००९ मध्ये तिने आपले कारखाने अबू धाबीच्या भांडवलाने स्थापन झालेल्या ग्लोबलफाउंड्रीज या कंपनीकडे सोपविले व तिच्याकडून चकत्या घेण्याचे बंधन स्वीकारले. २०१२ मध्ये वैयक्तिक संगणकांची मागणी मंदावली. त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीतील खरेदी सु. ११.५ कोटी डॉलरपर्यंत उतरवून घेण्यासाठी एएमडीला ३२ कोटी डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. २०१६ मध्ये अन्य कारखान्यांतून माल घेण्याची मोकळीक मिळविण्यासाठी तिने आणखी १० कोटी डॉलर देऊ केले. पुढे टंचाई उद्भवताच स्थिती पालटली : २०२१ च्या अखेरीस याच कंपनीने २०२२–२५ या काळासाठी सु. २.१ अब्ज डॉलरची खरेदी आपणहून निश्चित केली. एकाच करारातील बंधन मंदीत भार, तर टंचाईत आधार ठरले.

मंदीत ग्राहक सवलत मागतात. अशा वेळी भरपाई काटेकोरपणे वसूल करावी, की पुढील व्यवहारासाठी मुदत वाढवून द्यावी, हा प्रश्न उत्पादकापुढे उभा राहतो. मागणी घटल्यास तोटा कोणी सोसावयाचा हे करार ठरवितो. रिकाम्या यंत्रांना काम मात्र बाजारातील मागणीच पुरविते.