सुरी नको, सुई चालेल?

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात आणि त्वचातज्ज्ञांच्या दवाखान्यांत लग्नघरची मंडळी दिसू लागतात. अलीकडे त्यांच्यात नाकाची तक्रार घेऊन येणारेही असतात. कुणाचं नाक बसकं, कुणाच्या नाकाच्या दांड्यावर मधोमध उंचवटा, कुणाचा शेंडा खाली झुकलेला. नकटीच्या लग्नातली सतराशे विघ्नं मोजणाऱ्या आपल्या समाजात ही काळजी जुनीच आहे. नवी आहे ती जाहिरात: भूल नाही, टाके नाहीत, अर्ध्या तासात चाफेकळी नाक! नाकात फिलरचं, म्हणजे कातडीखाली भराव घालणाऱ्या पदार्थाचं, इंजेक्शन घ्यायचं आणि घरी जायचं.

फिलरकडे वळण्याआधी पुण्याजवळची एक जुनी शस्त्रक्रिया पाहू, कारण फिलरचा खरा धोका तिच्यातूनच कळतो. कावसजी हा इंग्रजी फौजेत बैल हाकणारा मराठा गडी. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. त्या कारागिराचं नाव कुणी नोंदवलं नाही. अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिलेल्या क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज वैद्यांची नावं मात्र छापली गेली, ती ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये.

कृती वाचताना आजही थक्क व्हायला होतं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण दोन भुवयांच्या मध्ये तिची एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग अर्धा पीळ देऊन ती कातडी नाकाच्या जागी आणायची. पाण्यात कालवलेला कात फासलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी ती चिकटवायची. हो, विड्यातला कात! चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची. हे वाचूनच जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने लंडनमध्ये १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली.

नवं नाक जगायचं ते त्या चिंचोळ्या पट्टीतल्या धमनीवर. ही धमनी येते डोळ्याच्या खोबणीतून. तिचीच सख्खी बहीण तिथूनच निघून नाकाच्या दांड्यावर उतरते. म्हणजे नाक आणि डोळा यांचा रक्तपुरवठा आतून एकमेकांना जोडलेला आहे. कावसजीला जे तारक ठरलं, तेच फिलर टोचताना मारक ठरू शकतं.

काही तरी टोचून नाक उंच करायची हौसही बरीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी वितळवलेलं पॅरफिन मेण वापरत. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या विख्यात सुंदरीने ऐन विशीत नाकात ते भरून घेतलं. मेण जागेवरून सरकलं, हनुवटीकडे उतरलं आणि चेहरा कायमचा बिघडला.

आजचं फिलर बहुतेक वेळा हायलुरॉनिक ॲसिडचं जेल असतं. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत असतोच. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो प्रथम वेगळा केला, तोही गाईच्या डोळ्यातून. नंतर तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून मिळवत. आता मुख्यतः जिवाणूंकडून तयार करून घेतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी फार धसका घ्यायचं कारण नाही. या जेलचा मोठा गुण म्हणजे उतारा उपलब्ध आहे. हायलुरोनिडेझ हे एन्झाइम टोचलं की जेल विरघळतं. मेणाला असा उतारा नव्हता.

नाकासाठी सहसा एक मिलीलिटर किंवा त्याहूनही कमी जेल लागतं. बसका दांडा त्याने उचलला जातो. उंचवट्याच्या वर आणि खाली भराव घातला की रेघ सरळ दिसते. मात्र उंचवटा जागेवरच असतो, नाक तसूभरही लहान होत नाही. फिलर फक्त भर घालू शकतं. मोठं नाक लहान करायचं असेल, फुगीर शेंडा बारीक करायचा असेल किंवा आतला पडदा वाकडा असल्याने श्वास कोंडत असेल, तर फिलर हा पर्यायच नव्हे. तिथे शस्त्रक्रियाच लागते. तिला भूल आहे, आठवडाभर आधारपट्टी आहे आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं. पण ती टिकते. फिलर वर्ष-दीड वर्षात ओसरतं, आणि दरवेळी खर्चही नवा, धोकाही नवा.

तो धोका असा. सुईचं टोक धमनीत शिरलं आणि दट्ट्या जोरात दाबला, तर जेल रक्ताच्या उलट्या दिशेने डोळ्याच्या धमनीपर्यंत ढकललं जातं. दाब सुटला की तेच रक्ताबरोबर पुढे दृष्टिपटलाकडे जातं. तिथला रक्तपुरवठा तुटला की तास-दीड तासात दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि मग उताराही बहुधा उपयोगी पडत नाही. फिलरमुळे दृष्टीला इजा झालेल्या ९८ जणांच्या नोंदींचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात भुवयांमधल्या जागेच्या खालोखाल क्रमांक नाकाचा होता. असे प्रसंग क्वचित घडतात, हे खरं. पण अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नाकासाठी म्हणून फिलरला मंजुरी दिलेली नाही, हेही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. आधी नाकाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण व्रणांमुळे धमन्यांच्या वाटा बदललेल्या असतात.

माझं मत विचाराल, तर बसक्या दांड्यासाठी, जाणत्या हातून, हायलुरॉनिक ॲसिडचंच फिलर घ्यायला हरकत नाही. पार्लरमध्ये मात्र कधीच नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यातही नको. सूज आणि काळेनिळे डाग यांना वेळ द्यावा लागतो. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत ना, त्यांची मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे ना, हे आधी पाहा. हायलुरोनिडेझ दवाखान्यात हाताशी आहे का, असं थेट विचारा; या प्रश्नाचा राग येणाऱ्या डॉक्टरकडून नाक टोचून घेऊ नका. टोचताना किंवा नंतर कातडी पांढरी पडली, जांभळी जाळी उमटली, असह्य दुखू लागलं किंवा नजर धूसर झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा. आणि खोक्यावरचा बॅच नंबरचा स्टिकर आपल्या फाइलमध्ये चिकटवून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.