पहिला कॉम्प्युटर जोडताना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. मी एम.ए.ला साहित्य शिकते, त्यामुळे पप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कविता वाचायला एवढं यंत्र कशाला लागतं गं?" तेव्हा मला राग आला होता. पण कॉम्प्युटर घेताना सगळ्यांत आधी हाच प्रश्न विचारायचा असतो, हे नंतर पटलं. म्हणून त्याच्या उत्तरापासून सुरुवात करते.

आमचं घर मूळचं वसईचं. पप्पा नोकरीसाठी इंदूरला आले आणि आम्ही इथलेच झालो, पण आजी अजून वसईलाच असते. ती ८४ वर्षांची आहे. ती सामवेदी बोलते, तिलाच आमच्याकडे कादोडीही म्हणतात. लग्नातली कितीतरी गाणी तिला पाठ आहेत आणि ती कुठे लिहिलेली नाहीत. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे राहिले आणि गाणी, गोष्टी, गप्पा असं सगळं मिळून सुमारे ४० तास फोनवर रेकॉर्ड केलं. काही आवाज, काही व्हिडिओ. आता त्यातला पंख्याचा आवाज काढायचा, गाणी वेगळी करायची आणि खाली प्रमाण मराठीत ओळी द्यायच्या, असं काम होतं. माझा जुना लॅपटॉप दहा मिनिटांच्या व्हिडिओलाच मान टाकायचा.

बजेट ठरलं ४० हजार. अर्धे पप्पांचे, अर्धे माझ्या शिकवण्यांचे.

आधी काम, मग पार्ट

इंदुरात कॉम्प्युटरचे पार्ट घ्यायचे तर लोक आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जातात. मीही गेले. एकेका दुकानात "दीदी, गेमिंग के लिए चाहिए क्या?" असं विचारायचे, आणि मी आजीच्या गाण्यांबद्दल सांगायला लागले की समोरचा गोंधळायचा. पण त्या सांगण्यातूनच माझी यादी तयार झाली. मला गेम खेळायचे नाहीत, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. व्हिडिओ तयार करायचे आहेत, म्हणजे प्रोसेसरमध्ये कोअर बऱ्यापैकी हवेत. रेकॉर्डिंग जपायचं आहे, म्हणजे साठवण भरवशाची हवी.

मी एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. हा २०२१ साली बाजारात आलेला प्रोसेसर. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि ग्राफिक्स आतच, त्यामुळे मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडता येतो. बॉक्सबरोबर कूलरही मिळतो. नवीन पिढीचे प्रोसेसर जास्त वेगवान आहेत, पण त्यांना मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमही नवीन लागते, आणि माझं बजेट तिथेच संपलं असतं.

मदरबोर्ड घेताना चिपसेट बघायचा. याच प्रोसेसरला ए५२० आणि बी५५० असे दोन्ही बोर्ड चालतात. ए५२० स्वस्त असतो, पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. बी५५० वर येतो. इंटेल घेणाऱ्यांनी हे आणखी नीट बघावं. तिथे साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड'ने सुरू होणारा चिपसेट, अशी जोडी असेल तरच प्रोसेसरचा गुणक वाढवता येतो. नुसता महाग प्रोसेसर घेऊन भागत नाही.

रॅमच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. १६ जीबीची एक पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या, यांची बेरीज सारखी असली तरी काम सारखं नसतं. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पोचवू शकते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन रस्ते उघडतात आणि तोच आकडा ५१.२ होतो. माझ्यासारखं ग्राफिक्स प्रोसेसरच्या आत असेल तर फरक आणखी जाणवतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते याच रॅममधून वाटा घेतं.

ज्याकडे कुणी बघत नाही तो पार्ट

यादीत सगळ्यांत दुर्लक्षित पार्ट म्हणजे पॉवर सप्लाय, बाजारातला शब्द एसएमपीएस. पुष्कळदा तो कॅबिनेटबरोबर 'फ्री' मिळतो. मला विचाराल तर तो फ्री घेऊ नका. घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणून प्रत्येक पार्टला देणं हे त्याचं काम. तो बिघडला तर एकटा जात नाही, कधी कधी बाकीच्यांनाही घेऊन जातो. माझ्या प्रोसेसरचा ठरलेला आकडा ६५ वॉट आहे आणि भर कामात तो ८८ वॉटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा सप्लाय मला पुरून उरतो, उद्या छोटं ग्राफिक्स कार्ड घेतलं तरी. डब्यावरचं '८० प्लस' हे चिन्ह वीज किती कमी वाया जाते ते सांगतं. संरक्षणाची हमी ते देत नाही. म्हणून ओव्हर-व्होल्टेज, ओव्हर-करंट, शॉर्ट-सर्किट अशी संरक्षणं आहेत का ते वेगळं वाचा आणि वॉरंटी किती वर्षांची ते बघा.

आणखी एक, अगदी घरगुती गोष्ट. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा नसून घरातल्या अर्थिंगचा असतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कसाबसा घालून वापरू नका. आमच्या जुन्या घराचं अर्थिंग नीट करायला इलेक्ट्रिशियन बोलवावा लागला. तो खर्च ४० हजारांच्या यादीत धरलाच नव्हता.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नक्की काय

प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका देतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. ४४ ने गुणलं की ४.४ गिगाहर्ट्झ. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवलेल्या आकड्यापेक्षा हा ठोका वाढवणं.

एके काळी यात खरंच मोठा फायदा होता. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक ४.५ आणि मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ, म्हणजे वेग ३००. लोकांनी मूळ ठोका १०० वर नेला आणि पुष्कळ सेलेरॉन ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालले. स्वस्त चिपमधून महागड्या चिपच्या तोडीचं काम मिळालं. आज कंपन्या तेवढी जागा शिल्लक ठेवत नाहीत. माझा प्रोसेसर ३.९ वर सुरू होतो आणि गरज पडली की आपणहून ४.४ पर्यंत जातो. मी हाताने ४.६ केला तर वाढ साडेचार टक्के. वीस मिनिटांच्या कामात फार तर एक मिनिट वाचेल.

आणि त्या एका मिनिटाची किंमत असते. वेग वाढवला की चिपला व्होल्टेज जास्त लागतं. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर १.१ × १.१ × १.१ म्हणजे १.३३. वेग दहा टक्के, उष्णता तेहतीस टक्के.

इंदूरमध्ये हा हिशोब महत्त्वाचा आहे. हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या तापमानावरचा फरक कमी करतो. डिसेंबरात माझी खोली २० अंशांवर होती आणि काम करताना प्रोसेसर ७० वर, म्हणजे फरक ५० चा. मे महिन्यात बाहेर ४० च्या वर जातं, खोली ३६-३७ ला येते, आणि तोच प्रोसेसर ८६-८७ ला पोचेल. माझ्या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, तिथे तो स्वतःच वेग कमी करतो. थंडीत बसवलेलं ओव्हरक्लॉक उन्हाळ्यात टिकेलच असं नाही. म्हणून कॅबिनेट घेताना समोर जाळी आणि दोन तरी पंखे बघा. समोर काच आणि आत रंगीत दिवे असा डबा फोटोत छान दिसतो, पण हवा कुठून येणार?

माझी चूक

हे सगळं वाचलं होतं, तरी नाताळच्या सुट्टीत हात शिवशिवले. प्रोसेसरला लावला नाही, रॅमला लावला. रॅमच्या पट्टीवर ३२०० लिहिलेलं असलं तरी पहिल्यांदा चालू केल्यावर ती कमी वेगाने चालते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचा पर्याय निवडला की ३२०० मिळतात. हे करायलाच हवं, तेवढ्याचे पैसे आपण दिलेले असतात. मी मात्र तिथे थांबले नाही. हाताने ३८०० केले. पहिल्यांदा स्क्रीन काळी राहिली. मदरबोर्डवरची गोल बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत बसवली, सगळं मूळ जागी आलं. व्होल्टेज थोडं वाढवून पुन्हा ३८०० केले. या वेळी विंडोज सुरू झालं. चाचणीचा आकडा वाढला. मी खूश.

त्याच रात्री फोन भरला होता म्हणून आजीचं सगळं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं आणि फोनवरून पुसलं. दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या नाताळच्या कार्यक्रमाचं शूटिंग करायचं होतं.

जानेवारीत कामाला बसले तेव्हा तीन फाइल्स उघडेनात. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम लावला, तर पहिल्याच फेरीत लाल ओळी. प्रत्येक फाइल डिस्कवर जाताना रॅममधून जाते. रॅम तिच्या झेपेपेक्षा जास्त वेगाने पळत असेल तर मध्येच एखाद्या शून्याचा एक होतो. कॉम्प्युटर बंद पडत नाही, तक्रारही करत नाही. चुकीचीच फाइल नीट जपून ठेवतो.

आमच्या क्वायरमध्ये ऑर्गन वाजवणारे अंकल कधी उत्साहात लय वाढवतात. समोर बसलेल्यांना गाणं रंगल्यासारखं वाटतं, पण मागच्या रांगेत आम्ही शब्द गिळत असतो. रॅमचं तसंच झालं होतं.

दोन फाइल्स दुरुस्त झाल्या. तिसरी नाही. त्यात हळदीच्या दिवशीचं एक लांबलचक गाणं होतं, अकरा मिनिटांचं. आजीला फोन करून पुन्हा म्हणायला सांगितलं. तिला सुरुवातीची दोन कडवी आठवली. "बाकीचं त्या दिवशी कसं आलं, कोण जाणे," म्हणाली.

आता मी काय करते

ओव्हरक्लॉक करूच नका, असं मी म्हणणार नाही. कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे मला त्यातूनच कळलं. पण क्रम पाळा. आधी सगळं कंपनीच्या मूळ सेटिंगवर आठवडाभर चालवा. मग एक्सएमपी लावा आणि मेमटेस्ट८६ च्या पूर्ण फेऱ्या होऊ द्या, रात्रभर लागले तरी चालेल. एका वेळी एकच आकडा बदला आणि तो वहीत लिहा. प्रोसेसरसाठी सिनेबेंच किंवा प्राइम९५ लावून तापमान बघा. आणि या सगळ्या काळात महत्त्वाची एकही फाइल त्या मशिनवर आणू नका.

मी आता रॅम ३२०० वरच ठेवली आहे. प्रोसेसरचा वेग वाढवण्याऐवजी कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने त्याचं व्होल्टेज थोडं उतरवलं. वेग तोच, तापमान पाच-सहा अंश कमी. याचीही चाचणी तितकीच कडक घ्यावी लागते, कारण व्होल्टेज फार उतरवलं तरी चुका होतातच. पण इंदूरच्या उन्हाळ्याला ही दिशा बरी.

आणि ३-२-१ चा नियम : प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक वसईला आत्याकडे. कॉपी केल्यावर फाइल उघडून, ऐकून, मगच मूळ पुसायची.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं, कारण भारताला हवा तेवढा शक्तिशाली क्रे संगणक अमेरिका द्यायला तयार नव्हती. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथे परम ८००० उभा राहिला. त्यात जगातली सगळ्यांत वेगवान चिप नव्हती. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर होते, एकमेकांना नीट जोडलेले. घरच्या छोट्या डब्यालाही तेच लागू पडतं. एक पार्ट किती पळतो यापेक्षा सगळे मिळून न चुकता चालतात का, ते बघायचं.

आतापर्यंत आजीची एकवीस गाणी ओळींसकट तयार झाली आहेत. बाविसाव्याची दोन कडवी मी वहीत लिहून ठेवली आहेत आणि खाली जागा सोडली आहे. या मे महिन्यात पुन्हा वसईला जाणार आहे. तिथे आजीच्या वयाच्या अजून दोघीतिघी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला पुढचं येत असेल तर बघते.