परळच्या प्रयोगशाळेतल्या कमलताई

आर्णीच्या बसस्थानकाकडे सकाळी चक्कर मारली, की पानठेल्यांवर खर्रा घोटला जात असतो. सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत गुंडाळून तो खिशात जातो. कामावर निघालेला मजूर, कापूस विकायला आलेला शेतकरी, कॉलेजचा पोरगा, कुणीही त्याला परके नाही. मग एक दिवस तोंड नीट उघडेनासे होते. आधी यवतमाळ, मग नागपूर आणि शेवटी धामणगावहून मुंबईची गाडी. परळच्या ‘टाटा’त जायचे असते. घरची मंडळी आजाराचे नाव घेत नाहीत. ‘मोठा आजार’ एवढेच म्हणतात.

त्याच परळमध्ये एका मराठी बाईने या मोठ्या आजाराचे मूळ शोधण्यात हयात घालवली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या या कमल समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. लेकीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा. लेक मात्र वनस्पती आणि प्राणिशास्त्रात रमली. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला. १९४३ मध्ये सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर अभ्यास करून त्यांनी एम.एस्सी. मिळवली. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास वाटतो तितका विचित्र नाही. दोन्हीकडे गोष्ट पेशीचीच!

मुंबईत त्यांना गुरू लाभले डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा खानोलकरांनी प्रसिद्ध केला होता. म्हणजे आपल्या पानठेल्याचा प्रश्न तेव्हाच प्रयोगशाळेच्या दारात पोहोचला होता. १९४९ मध्ये कमलताई पीएच.डी. झाल्या आणि पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे शिकल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवून वाढवण्याची विद्या गे यांना साधली होती. ती घेऊन कमलताई परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

पुढची वर्षे उंदरांच्या पिंजऱ्यांजवळ गेली. स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्या पिढ्यान्‌पिढ्या तपासत राहिल्या. उंदरांत हा विषाणू आईच्या दुधातून पिल्लांत जातो. (ही गोष्ट उंदरांची; त्यावरून आपल्या आयाबहिणींनी अंगावर पाजायला भिण्याचे कारण नाही.) माणसांतल्या आनुवंशिक स्तनकर्करोगाशी जोडलेले बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये सापडले.

त्यांचे दुसरे काम विदर्भाला जवळचे वाटावे. आनंदवन आणि अमरावतीचे तपोवन यांमुळे कुष्ठरोगाची वेदना आपण जाणतो. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. त्याच जंतूपासून संस्थेतील पुढच्या शास्त्रज्ञांनी लस केली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोपटे एकाने लावावे, सावली दुसऱ्याने धरावी, ती ही अशी. चाळीस वर्षे!

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापण्यात त्या पुढे होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांचे पोषण तपासत हिंडल्या. २००१ मध्ये त्या गेल्या.

संशोधनाला चाळीस वर्षे लागतात. खर्रा थुंकून टाकायला क्षणही लागत नाही. आरशासमोर उभे राहा. तोंडात तीन बोटे उभी शिरतात का, पाहा. पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि आजाराचे नाव घ्यायला लाजू नका. नाव घेतले, तरच वेळेवर उपचार होतील.